उधारीचे पोते आणि निवृत्तिवेतनाचा ताळेबंद

मार्च २०२३ चा मध्य. अवकाळी पाऊस आणि गारपीट यांनी महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांत काढणीला आलेला गहू, हरभरा आडवा केला होता. द्राक्षबागांखाली गारांचा खच पडला होता. शेतकरी बांधावर उभा राहून तलाठ्याची आणि ग्रामसेवकाची वाट पाहत होता, कारण पंचनामा झाल्याशिवाय भरपाईचा कागद पुढे सरकत नाही. पण तलाठी संपावर होता, ग्रामसेवक संपावर होता. शासकीय रुग्णालयांतील परिचारिका, अनुदानित शाळांतील शिक्षक आणि जिल्हा परिषदांचे कर्मचारीही संपावर होते. दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिका तपासणीविना पडून राहतात की काय, या चिंतेने पालक धास्तावले होते. १४ मार्चला सुरू झालेला हा संप २० मार्चला मागे घेण्यात आला. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही त्याची घोषणा होती.

संप मिटला, पंचनामे झाले, उत्तरपत्रिकाही तपासल्या गेल्या. एक काम मात्र त्या सात दिवसांत झाले नाही. मागणी मान्य केली तर नेमका किती खर्च येईल, तो कोणत्या वर्षी येईल आणि तो कोण भरेल, याचा सरळ, सर्वांना कळेल असा हिशेब जनतेपुढे मांडला गेला नाही. संघटनांनी न्यायाची भाषा केली, शासनाने दिवाळखोरीची भाषा केली. न्याय आणि दिवाळखोरी हे दोन्ही शब्द मोठे आहेत, आणि मोठ्या शब्दांच्या आड लहान आकडे सहज लपतात.

हा प्रश्न एका संपापुरता नाही. सार्वजनिक सेवेतील कर्मचाऱ्यांच्या प्रत्येक मागणीपत्रकाला एक मागचे पान असते आणि ते बहुधा कोरे ठेवले जाते. ते कसे भरावे, हे सुजाण नागरिकाने समजून घेण्याची वेळ आली आहे.

मागणी न्याय्य होती काय?

आरंभी एक गोष्ट स्पष्ट असावी. निवृत्तिवेतन ही सरकारने दिलेली भीक नव्हे. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व निःसंदिग्धपणे सांगितले. निवृत्तिवेतन म्हणजे मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी नसून आयुष्यभर केलेल्या सेवेचा तो हक्क आहे. आजही तो दिवस देशभर पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबांत या तत्त्वाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. वडिलांच्या निवृत्तिवेतनावर धाकट्याचे शिक्षण झाले, आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनावर तिचे औषधपाणी सन्मानाने चालले, अशी उदाहरणे गल्लोगल्ली आहेत.

जुन्या योजनेत अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम आणि तिच्यावर वेळोवेळी वाढणारा महागाई भत्ता मिळत असे. कर्मचाऱ्याला त्यासाठी वेगळी वर्गणी द्यावी लागत नसे. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत येणाऱ्यांसाठी ही व्यवस्था बंद केली. तिच्या जागी वर्गणीवर आधारलेली नवी योजना आली. कर्मचाऱ्याचे १० टक्के आणि सरकारचे प्रारंभी १०, पुढे १४ टक्के अशी रक्कम बाजारात गुंतवायची. निवृत्तीच्या वेळी साठलेल्या रकमेच्या किमान ४० टक्क्यांतून विमा कंपनीकडून मासिक वर्षासन विकत घ्यायचे आणि उरलेली रक्कम हाती घ्यायची.

कर्मचाऱ्यांची तक्रार केवळ भावनेची होती काय? आकडे मांडून पाहावे. समजा, एखादा कर्मचारी नव्या योजनेत १५ वर्षे सेवा करून निवृत्त झाला आणि त्याचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून अखेरचे वेतन ५० हजार रुपये होते. वेतनवाढीचा आणि गुंतवणुकीवरील परताव्याचा दर सारखा धरला तर हिशेब सोपा होतो, कारण प्रत्येक वर्षाची वर्गणी अखेरीस अखेरच्या वेतनाच्या प्रमाणातच उभी राहते. दोघांची मिळून २० टक्के वर्गणी १५ वर्षे, म्हणजे तीन वर्षांचे वेतन, म्हणजे १८ लाख रुपये. त्याच्या ४० टक्के, म्हणजे ७ लाख २० हजारांचे वर्षासन साडेसहा टक्के दराने घेतले तर महिन्याला मिळतात ३ हजार ९०० रुपये. सगळे १८ लाख वर्षासनात घातले तरी ९ हजार ७५० रुपये, तेही महागाई भत्त्याविना. शेजारच्या टेबलावर बसलेल्या आणि काही महिने आधी सेवेत लागलेल्या सहकाऱ्याला जुन्या योजनेतून पूर्ण सेवेअंती वेतनाच्या निम्मे, म्हणजे २५ हजार आणि वर महागाई भत्ता मिळणार. एकाच कार्यालयात, एकाच कामासाठी म्हातारपणाचे असे दोन दर असतील, तर असंतोष पेटणारच. तेव्हा मागणीच्या मुळाशी खरे दुखणे होते, हे मान्य केलेच पाहिजे.

दुसऱ्या बाजूची बेरीज

आता नाण्याची दुसरी बाजू. समजा, ३० वर्षे सेवा झालेला कर्मचारी ८० हजार रुपये वेतनावर निवृत्त झाला. जुन्या योजनेत त्याला प्रारंभी महिन्याला ४० हजार, वर्षाला ४ लाख ८० हजार रुपये मिळतील. महागाईमुळे ही रक्कम दरसाल ५ टक्क्यांनी वाढत गेली आणि तो २० वर्षे जगला, तर एकूण १ कोटी ५८ लाखांहून अधिक रक्कम त्याला दिली जाईल. ही रक्कम निवृत्तीच्या दिवशीच बाजूला काढून ८ टक्के व्याजाने ठेवायची म्हटली, तर सरकारकडे त्या दिवशी सुमारे ७४ लाख रुपये तयार हवेत.

नव्या योजनेत याच कर्मचाऱ्याच्या नावावर किती साठते? वेतनवाढ आणि परतावा दोन्ही सारखेच, ८ टक्के धरले, तर २४ टक्के वर्गणी ३० वर्षे, म्हणजे ७.२ वर्षांचे वेतन, म्हणजे सुमारे ६९ लाख. ७४ आणि ६९! दिसायला फरक किरकोळ आहे. मग वाद कशाचा?

वाद आहे तो हे पैसे कुणाच्या खिशातून येतात याचा. ६९ लाखांपैकी सुमारे २९ लाख कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या वेतनातून कापलेले आहेत आणि सरकारचा वाटा सुमारे ४० लाखांचा आहे. जुन्या योजनेत पूर्ण ७४ लाख सरकारने द्यायचे. म्हणजे एका कर्मचाऱ्यामागे सुमारे ३४ लाखांचा जादा भार. शिवाय तो अशा गृहीतकांवर, जी सरकारला सोयीची आहेत. कर्मचारी २० ऐवजी २५ वर्षे जगला तर ७४ चे ८७ लाख होतात. दर दहा वर्षांनी वेतन आयोग निवृत्तांचेही मूळ निवृत्तिवेतन वाढवतो, हे लक्षात घेऊन वाढीचा दर ५ ऐवजी ७ टक्के धरला, तर २५ वर्षांसाठी १ कोटी ७ लाखांच्या पुढे जावे लागते. त्यानंतर पती वा पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन वेगळेच. कर्मचारी दीर्घायुषी व्हावा हीच प्रत्येकाची इच्छा असते. पण त्या शुभेच्छेचीही किंमत असते आणि ती कुणीतरी भरायची असते.

बाजार पडला तर काय, हा दुसरा वाद. नव्या योजनेत ती जोखीम कर्मचाऱ्याच्या माथी आहे, जुन्यात सरकारच्या. सरकार म्हणजे मंत्रालयाची इमारत नव्हे. सरकारच्या माथी याचा अर्थ त्या वेळी जे कर भरत असतील त्यांच्या माथी. आज तिसरी-चौथीत शिकणाऱ्या मुलामुलींच्या माथी.

पहिल्या वर्षाचा भुलभुलैया

मग राज्ये जुन्या योजनेकडे धावली कशी? फेब्रुवारी २०२२ मध्ये राजस्थानने अर्थसंकल्पात घोषणा केली. छत्तीसगड, झारखंड आणि पंजाब त्याच वाटेने गेले, २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशही गेला. या राज्यांच्या अर्थखात्यांत बेरीज येणारे कुणी नव्हते असे नाही. उलट, बेरीज येत होती म्हणूनच मोह पडला.

एक लाख कर्मचारी आणि सरासरी ५० हजार वेतन धरले, तर सरकारची १४ टक्के वर्गणी वर्षाला ८४० कोटी रुपये होते. जुनी योजना लागू करताच ही वर्गणी थांबते. त्या वर्षी तिजोरीत ८४० कोटी ‘वाचतात’. इतकेच नव्हे, कर्मचाऱ्यांकडून कापले जाणारे १० टक्के, म्हणजे ६०० कोटी, बाजारात न जाता भविष्य निर्वाह निधीच्या रूपाने सरकारच्याच हाताखाली येतात. ते परत करायचे असतात, पण आज नाही. आज टाळ्या मिळतात, मते मिळतात आणि अर्थसंकल्पात तूटही कमी दिसते. नोव्हेंबर २००५ मध्ये पंचविसाव्या वर्षी सेवेत आलेला महाराष्ट्रातील कर्मचारी ५८ व्या वर्षी, म्हणजे २०३८ मध्ये निवृत्त होईल. मार्च २०२३ पासून मोजले तर तोवर विधानसभेच्या तीन निवडणुका होऊन जातात. घोषणा एका सरकारची, पावती चौथ्या सरकारची!

मराठीत जुनी म्हण आहे, उधारीचे पोते सव्वा हात रिते. जुन्या योजनेचे पोते पहिल्या वर्षी तर भरल्यासारखेच दिसते. ते किती रिते आहे, हे उघडून पाहण्याचा दिवस मात्र पुढच्या पिढीच्या वाट्याला येतो.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या मासिक पत्रिकेतील अभ्यासाने नेमके हेच दाखवले. जुन्या योजनेकडे वळणाऱ्या राज्यांचा खर्च प्रारंभी कमी होईल. पण पुढे निवृत्तिवेतनाचा एकूण भार नव्या योजनेच्या साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो आणि २०६० पर्यंत हा जादा बोजा दरवर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.९ टक्क्यापर्यंत पोहोचू शकतो, असा त्याचा निष्कर्ष होता. या राज्यांनी नव्या योजनेत साठलेली रक्कम परत मागितली, तेव्हा कायद्यात तशी तरतूद नसल्याचे केंद्राने कळवले. पैसे कर्मचाऱ्यांच्या खात्यांवर होते; ते राज्यांचे उरलेच नव्हते. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये हिमाचलात वेतन पाच तारखेला आणि निवृत्तिवेतन दहा तारखेला द्यावे लागले. त्याचे सारे खापर जुन्या योजनेवर फोडणे अन्यायाचे होईल. त्या राज्याच्या अडचणी अनेक आहेत. मात्र वेतनाची तारीख चुकणे म्हणजे काय, हे त्या महिन्यात तेथील घराघरांना कळले.

मागणीपत्रकाला विचारायचे पाच प्रश्न

मागणी निवृत्तिवेतनाची असो, वेतनवाढीची असो वा भत्त्याची, तिचा खर्च मोजण्याची रीत एकच आहे. ती अर्थशास्त्रज्ञांची मक्तेदारी नाही. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या गृहिणीलाही ती जमेल.

पहिला प्रश्न : खर्च एकदाचा की कायमचा? ४० हजार मूळ वेतनाच्या कर्मचाऱ्याला २४ हजार रुपये सानुग्रह अनुदान दिले तर खर्च २४ हजारच. पण त्याचे मूळ वेतन ५ टक्क्यांनी, म्हणजे २ हजारांनी वाढवले, तर पहिल्या वर्षी खर्च तोच, २४ हजार; आणि दरसाल ३ टक्के वेतनवाढ धरता ३० वर्षांत तो ११ लाख ४० हजारांच्या वर जातो. दोन्ही प्रस्तावांची पहिल्या वर्षाची किंमत सारखी आणि सेवाकाळाची किंमत सत्तेचाळीस पट वेगळी!

दुसरा प्रश्न : ही वाढ आणखी कशाकशाला चिकटते? मूळ वेतन वाढले की महागाई भत्ता वाढतो, घरभाडे भत्ता वाढतो, सरकारची वर्गणी, उपदान आणि निवृत्तिवेतनही वाढते. सातव्या वेतन आयोगाचे उदाहरण बोलके आहे. न्यायमूर्ती अशोककुमार माथूर यांच्या या आयोगाने नोव्हेंबर २०१५ मध्ये अहवाल दिला, तेव्हा पहिल्या वर्षाचा जादा भार १ लाख २ हजार १०० कोटी रुपये सांगितला होता. त्यात वेतनाचे ३९ हजार १००, भत्त्यांचे २९ हजार ३०० आणि निवृत्तिवेतनाचे ३३ हजार ७०० कोटी होते. वर्तमानपत्रांनी ‘वेतनवाढ’ असा मथळा दिला. प्रत्यक्षात वेतनाचा वाटा चाळीस टक्क्यांहून कमी होता.

तिसरा प्रश्न : लाभ किती जणांपर्यंत झिरपतो? केंद्राने दिले की राज्य मागे राहत नाही. राज्याने दिले की जिल्हा परिषदा, अनुदानित शाळा-महाविद्यालये, विद्यापीठे, महापालिका रांगेत उभ्या राहतात. महाराष्ट्रातील १९७७-७८ चा, र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखालील ५४ दिवसांचा संप आठवावा. त्याची मुख्य मागणी केंद्राप्रमाणे महागाई भत्ता हीच होती. सरासरी ४० हजार मूळ वेतनाच्या एक लाख कर्मचाऱ्यांसाठी महागाई भत्त्याचा एक टक्का म्हणजे वर्षाला ४८ कोटी. कर्मचाऱ्यांची संख्या किती लाखांची, हे कळले की पुढचा गुणाकार कुणीही करू शकतो.

चौथा प्रश्न : पैसे द्यायचे कधी? महाराष्ट्रात सातवा वेतन आयोग प्रत्यक्ष लागू झाला १ जानेवारी २०१९ ला. पण त्याचा प्रारंभ धरला १ जानेवारी २०१६ पासून. तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत देण्याचे ठरले. देणे पुढे ढकलले म्हणजे ते मिटले असे होत नाही. ते फक्त दुसऱ्या अर्थमंत्र्याच्या टेबलावर जाते.

पाचवा प्रश्न : गृहीतके कोणती? महागाई किती, व्याज किती, आयुर्मान किती? वर पाहिलेच की दोन-चार आकडे बदलताच ७४ लाखांचे १ कोटी ७ लाख झाले. गृहीतक बदलून हवे ते उत्तर काढण्याची कला दोन्ही बाजूंना अवगत असते. किमान वेतनाचेच पाहा. डॉ. वॉलेस आयक्रॉइड यांच्या आहारविचारावर आधारलेले आणि १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने स्वीकारलेले सूत्र एकच आहे : कुटुंबाचे तीन घटक, प्रत्येकी २७०० उष्मांक, वर्षाला ७२ वार कापड. त्याच सूत्रातून सातव्या आयोगाने १८ हजार रुपये किमान वेतन काढले आणि कर्मचारी संघटनांनी २६ हजार. कोणत्या वस्तूचा कोणता भाव धरायचा आणि इतर गरजांसाठी वर किती टक्के जोडायचे, यावर आठ हजारांचा फरक पडला. म्हणूनच उत्तराआधी गृहीतके मागावीत.

जमेची बाजूही लिहा

हिशेब म्हटला की खर्चाबरोबर जमाही आली. मागणी फेटाळण्यालाही किंमत असते. सात दिवसांच्या संपाने शेतकऱ्याची भरपाई लांबवली, रुग्णांची शस्त्रक्रिया पुढे गेली. हा खर्च कुठल्या अर्थसंकल्पात लिहिला जातो? निवृत्तीची खात्री नसलेला कर्मचारी सेवाकाळातच ‘तरतूद’ करू लागला, तर त्याची किंमत जनता रोज खिडकीवर मोजते. दुसरीकडे, वेतन-निवृत्तिवेतनाचा वाढता भार पेलत नाही म्हणून पदे रिक्त ठेवायची आणि तेच काम कंत्राटी तरुणाकडून निम्म्या-पाव पगारात करून घ्यायचे, ही रीत सर्व पक्षांच्या सरकारांनी अंगीकारली आहे. एकाचे निवृत्तिवेतन अबाधित राहावे म्हणून दुसऱ्याला नोकरीच कायम मिळू नये, हा कुठला न्याय? संघटनांच्या मागणीपत्रकांत या कंत्राटी बांधवाचे स्थान बहुधा शेवटच्या कलमात असते. त्याला किमान निवृत्तिवेतन मिळावे, असे ज्या दिवशी पहिल्या कलमात लिहिले जाईल, त्या दिवशी त्या चळवळीचे नैतिक बळ शतपटींनी वाढेल.

भारतीय मजदूर संघाचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी यांनी कामगार चळवळीपुढे राष्ट्रहित, उद्योगहित आणि कामगारहित अशी त्रिसूत्री ठेवली. तिचा क्रम विचार करण्याजोगा आहे. त्यात कामगाराने उपाशी राहावे असे म्हटलेले नाही. त्याला त्याचा पुरता दाम मिळालाच पाहिजे. पण तो दाम राष्ट्राच्या ताळेबंदात बसवून मागावा, एवढे शहाणपण त्यात आहे. सरकारी सेवेत तर ‘उद्योग’ म्हणजे साक्षात समाजच. तिथे मालकाच्या नफ्यातून वाटा मागता येत नाही. मागायचे ते शेजाऱ्याच्या करातून असते. मराठेशाहीतील रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रानेही वंशपरंपरेने चालणारी इनामे देण्याबाबत राज्यकर्त्याला सावध केले आहे. एका क्षणाच्या औदार्यातून कायमचे देणे उभे राहते, हे राज्यकारभार जाणणाऱ्या त्या मुत्सद्द्याला कळत होते.

वचन मोठे दिले म्हणजे ते सुरक्षित असते, अशी भाबडी समजूतही सोडावी लागेल. अमेरिकेतील डेट्रॉइट हे मोटारींचे वैभवशाली शहर जुलै २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेले. तेथील महापालिकेच्या सामान्य निवृत्तांचे निवृत्तिवेतन साडेचार टक्क्यांनी कापले गेले आणि महागाईपोटी मिळणारी वाढ बंद झाली. ज्यांनी तीस-तीस वर्षे सेवा केली होती, त्यांच्या हातात वचनाचा कागद होता. त्यामागे पुरेसा निधी नव्हता. निधीविना दिलेले वचन कर्मचाऱ्याचे रक्षण करत नाही, हा त्या शहराचा धडा आहे.

मधली वाट आणि पुढची परीक्षा

महाराष्ट्रात संपानंतर सुबोधकुमार, के. पी. बक्षी आणि सुधीरकुमार श्रीवास्तव या तीन ज्येष्ठ निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली गेली. जानेवारी २०२४ मध्ये, १ नोव्हेंबर २००५ पूर्वी जाहिरात निघून नंतर रुजू झालेल्या सुमारे २६ हजार कर्मचाऱ्यांना जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. त्यामागे उघड न्याय होता, कारण उशीर शासनाचा होता. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली आणि पाठोपाठ महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही तिला मान्यता दिली. २५ वर्षे सेवा झालेल्यास अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, त्यावर महागाई दिलासा, दहा वर्षे सेवेनंतर किमान १० हजार रुपये आणि मृत्यूनंतर जोडीदाराला त्याच्या ६० टक्के, अशी तिची केंद्रीय रचना आहे. कर्मचाऱ्याची १० टक्के वर्गणी कायम, केंद्र सरकारचा वाटा साडेअठरा टक्के. पहिल्या वर्षाचा जादा भार ६ हजार २५० कोटी आणि थकबाकी ८०० कोटी, असे केंद्राने घोषणेबरोबरच सांगितले.

येथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. खात्री दिली, पण वर्गणी सोडली नाही. आणि खर्चाचा आकडा घोषणेच्या दिवशीच सांगितला. ही रीत योग्य आहे. ती परिपूर्ण नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांना पर्याय निवडण्याची मुदत दोनदा वाढवावी लागली, यावरून त्यांच्या मनातील शंका दिसतातच. निवृत्तीच्या वेळी हाती येणारी मोठी रक्कम गमावण्याचे भय त्यात आहे आणि ते खोटे ठरवता येत नाही.

याउलट डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या विधानसभा अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुनी योजना लागू केल्यास १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल असे सांगितले. इशाऱ्याची दिशा बरोबर होती, हे पुढे रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासानेही दाखवले. पण हा बोजा कोणत्या वर्षीचा, कोणत्या गृहीतकांवरचा, आणि नव्या योजनेच्या खर्चाहून किती जादा, हे घराघरांत पोहोचले असते, तर तीन महिन्यांनी रस्त्यावर उतरलेल्या लाखोंपैकी अनेकांनी स्वतःच पेन्सिल हाती घेतली असती. सरकारी कर्मचारी हिशेबाला कच्चा नसतो. साऱ्या राज्याचे हिशेब तोच तर लिहितो.

आता आठवा वेतन आयोग समोर आहे. न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाच्या कार्यकक्षेला ऑक्टोबर २०२५ मध्ये मान्यता मिळाली आणि त्याला अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. वर्गणीविना चालणाऱ्या निवृत्तिवेतनाचा निधीविरहित भार आणि राज्यांच्या अर्थस्थितीवर होणारा परिणाम, हे दोन्ही मुद्दे त्याने विचारात घ्यायचे आहेत. आयोगाच्या शिफारशी आल्या की महाराष्ट्रातही मागणीपत्रके निघतील, मोर्चे निघतील, कदाचित पुन्हा संपाची नोटीस निघेल. तो संघटनांचा लोकशाही अधिकार आहे.

त्या वेळी मागण्याजोगी गोष्ट एकच. प्रत्येक मागणीपत्रकाबरोबर एक हिशेबपत्रक असावे. पहिल्या वर्षाचा, दहाव्या वर्षाचा आणि तिसाव्या वर्षाचा खर्च त्यात असावा. गृहीतके छापलेली असावीत. आयुर्मान आणि व्याज यांचा हिशेब जाणणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञांनी ते तपासलेले असावे आणि वाटाघाटी संपण्यापूर्वी ते विधिमंडळापुढे यावे. सरकारनेही नकार देताना तसेच हिशेबपत्रक द्यावे. ज्या राज्याच्या महसुलाचा निम्म्याच्या आसपास भाग वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच जातो, तिथे हा आग्रह म्हणजे कर्मचाऱ्यांशी वैर नव्हे.

कारण अखेर प्रश्न विश्वासाचा आहे. सेवेत असलेल्याला आपले म्हातारपण सुरक्षित आहे हा विश्वास हवा, बांधावर उभ्या शेतकऱ्याला पंचनाम्याला कुणीतरी येईल हा विश्वास हवा, आणि आज पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाणाऱ्याला आपल्या जन्माआधीच्या घोषणांची उधारी आपल्याला फेडावी लागणार नाही हा विश्वास हवा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे प्रत्येक घरातली आजी सांगत आली आहे. अंथरूण केवढे आहे, ते मोजायला मात्र दिवा लावावा लागतो. तो दिवा लावण्याचे काम सरकार आणि संघटना दोघांचे आहे. आणि ते करत नसतील, तर समाजाने त्यांना ते करायला लावले पाहिजे.